तीन दिवस नट आवळायचा नाही

ऑक्टोबर लागला की मी भांडायला लागते. समोर कोणी असावंच लागतं असं नाही. सकाळी चहा गाळताना, सिग्नलला स्कूटी थांबवून उभी असताना, वर्गात फळा पुसताना माझं एक जुनं भांडण आपोआप सुरू होतं आणि त्यात मी दरवेळी जिंकते. माझी वाक्यं धारदार असतात, समोरच्याला उत्तर सुचत नाही. खऱ्या भांडणाची वेळ आली होती तेव्हा मात्र मी "बरं सर" एवढंच म्हटलं होतं.

हवाच तशी असते. पाऊस गेलेला आणि थंडी अजून न आलेली. दिंडोरीकडे द्राक्षांची छाटणी निघालेली असते. पेठ-सुरगाण्याची माणसं जीप भरभरून उतरलेली असतात, बागांच्या बांधावर छाटलेल्या काड्यांचे ढीग पडलेले असतात. मखमलाबादला माझ्या चुलत भावांच्या वावरात झेंडू फुललेला असतो आणि त्याचा तो उग्र, हिरवट वास हाताला दोन दिवस सोडत नाही. ऊन असं की दुपारी डोकं ठणकतं. लोक त्याला ऑक्टोबर हीट म्हणून सोडून देतात. मला सोडून देता येत नाही, कारण माझं आयुष्यातलं एकमेव खरं काम याच उन्हात झालं आणि याच उन्हात माझ्या हातून गेलं.

काम काय होतं ते सांगते. अवघड नाही. अवघड करून सांगणाऱ्यांचा मला आता कंटाळा आला आहे.

आपल्या आकाशगंगेच्या पलीकडे, कल्पनेला घाम फुटेल इतक्या लांब, दुसऱ्या दीर्घिका आहेत. त्यांतल्या काहींकडून रेडिओच्या लाटा येतात. फार क्षीण असतात. मी ज्या लाटा ऐकायचे त्या चांगल्या दोन मीटर लांबीच्या, आपल्या रेडिओवर गाणी लागतात त्या पट्ट्याच्या अगदी शेजारच्या. यांतल्या बहुतेक लाटा कशाही डोलत येतात. पण काही अगदी थोड्या ठिकाणांहून येणाऱ्या लाटांना एक ठरावीक कल असतो. दोरीचं एक टोक खिडकीला बांधून दुसरं हलवलं, तर दोरी उभी डोलते, आडवी डोलते किंवा तिरपी डोलते, तसा. त्या कलावरून तिकडे चुंबकीय क्षेत्र कसं आहे ते कळतं. इतक्या लांब लाटांमध्ये असा कल टिकून आमच्यापर्यंत पोचलेलं एखादं जरी ठिकाण सापडलं, तरी ती बातमी होती. मला ते शोधायचं होतं. पुण्यात एका संस्थेत मी पीएचडी करत होते आणि वय सत्तावीस होतं.

या लाटा ऐकणारी दुर्बीण म्हणजे मोठमोठ्या तबकड्या, आणि ती वापरायला वेळ मागावा लागतो. चांगल्या वेळा ज्येष्ठांना मिळतात. मला मिळाल्या दहा दुपारी, त्याही पितृपक्षातल्या. नावडतीचं मीठ अळणी. त्या दिवसांत दुपारी आकाशाचा वरचा थर सर्वांत खवळलेला असतो. हा थर म्हणजे हवेच्याही वर, सूर्याने तापवून विजेने भारलेला एक पडदा. लाट त्यातून खाली येताना तिचा कल वळतो. किती वळेल ते त्या दिवसावर अवलंबून. आज थोडा वळेल, उद्या पार उलटा होईल. माझ्याबरोबरच्या मुलाने मला कळवळून विचारलं होतं की असल्या वेळा घेतल्यास कशाला. घेतल्या नव्हत्या, पदरात पडल्या होत्या.

दुसरी एक अडचण होती, ती घरची. दुर्बिणीला दोन कान असतात असं समजा. एक उभं डोलणं ऐकतो, एक आडवं. पण एका कानातलं थोडं दुसऱ्या कानात झिरपतं. आम्ही त्याला सरळ गळतीच म्हणायचो. या गळतीमुळे एखादं ठळक पण कल नसलेलं ठिकाणही कल असल्यासारखं दिसतं. म्हणजे खरा पाहुणा कोणता आणि आपल्याच घरातली गळती कोणती, हे ओळखणं हेच आमचं काम. बाकी सगळी हमाली.

नवरात्रात मी दहाही दुपारींची चित्रं काढली. दर चित्रात दोन ठिपके होते. एक ठळक, दहाही दिवस एकाच कलाचा. दुसरा इतका फिका की डोळे बारीक करून पाहावा, आणि त्याचा कल रोज वेगळा. सोमवारी उभा, मंगळवारी तिरपा, बुधवारी जवळजवळ आडवा. मी ती चित्रं टेबलावर ओळीने मांडली आणि मला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. त्या वयात असं वाटायला लाज वाटत नाही.

माझे मार्गदर्शक असलेले सर आले, उभ्याउभ्याच पाहिलं. आमच्या सरांना बसून बघायची सवय नव्हती. त्यांचा नियम ठरलेला होता, सगळे दिवस आधी एकत्र करा, मग बोला. फिकं असेल ते दहा दिवस साचून ठळक होतं आणि खरखर आपोआप मरते. नियम वाईट नाही. बहुतेक ठिकाणी चालतो. मी दहा दिवस एकत्र केले. ठळक ठिपका आणखी ठळक झाला. फिका ठिपका नाहीसा झाला.

"झालं," सर म्हणाले. "जे रोज बदलतं ते खोटं. खरं असतं ते रोज तसंच असतं. हा ठळक घे आणि लिहायला लाग."

त्या वाक्याला काय वजन होतं म्हणून सांगू. संताच्या तोंडी शोभलं असतं. मी वहीत लिहून घेतलं. वही अजून आहे माझ्याकडे, त्या पानावर आता चहाचा डाग आहे आणि तो मी मुद्दाम पाडलेला आहे.

दसऱ्याला घरी आले. पुण्याहून येणाऱ्या एसटीने मोहदरीचा घाट उतरला की मला नेहमी भूक लागते, त्या दिवशी लागली नाही. घरी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाटावर हत्यारं मांडली होती. आमची जात फुलं पिकवणारी. चुलत्यांच्या पाटावर खुरपी आणि विळे असत. अण्णांच्या पाटावर पाना, पक्कड, होकायंत्र आणि तारेचं भेंडोळं. कारण अण्णा टीव्हीच्या अँटेना बसवायचे. केबल आणि डिशच्या छत्र्या आल्यापासून धंदा जवळजवळ संपला होता, पण नव्वदच्या सुमाराला नाशिकपासून वणीपर्यंत त्यांचं नाव होतं. नाशिकचं छोटं केंद्र कुणाच्याही घरी दिसायचं, त्याला अण्णा लागत नसत. लोकांना हवं असायचं मुंबई. मधे एवढा सह्याद्री आडवा असताना मुंबईचं चित्र दिंडोरीच्या एखाद्या मळ्यात आणून दाखवायचं, हे अण्णांचं काम.

त्यांची एक रीत होती आणि तिच्यापायी त्यांनी किती गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या असतील त्याला गणती नाही. पहिल्या दिवशी ते खांब उभा करत, अँटेना चढवत, पण नट आवळत नसत. सुतळीने बांधून ठेवत. गच्चीच्या कठड्यावर खडूने एक रेघ मारत, आज चित्र कोणत्या दिशेला चांगलं लागलं त्याची. दुसऱ्या दिवशी सायकल मारत पुन्हा जात, दुसरी रेघ. तिसऱ्या दिवशी तिसरी. मग तिन्ही रेघा बघून नट आवळत. घरची मंडळी वैतागायची. पहिल्याच दिवशी चित्र दिसत असताना हा माणूस तीन दिवस कशाला हेलपाटे घालतो? अण्णा हसून चहा मागायचे.

जेवणं झाल्यावर गच्चीवर सावली धरून बसलो होतो. झेंडूच्या तुटक्या पाकळ्या सगळीकडे. मी चित्रं सोबत आणली होती, ती त्यांच्यापुढे मांडली आणि मघाशी तुम्हाला सांगितलं तसंच सांगितलं. अण्णा नववी शिकलेले. त्यांना दीर्घिका कळली नाही, त्यांनी विचारलीही नाही. कल मात्र लगेच कळला, कारण अँटेनाच्या काड्या आडव्या का ठेवायच्या आणि उभ्या केल्या की चित्र का जातं, हे त्यांनी आयुष्यभर हाताने केलं होतं. ते बराच वेळ चित्रं खालीवर करत राहिले. मग सरांचं वाक्य मी त्यांना ऐकवलं.

"उलटं हाय ते," अण्णा म्हणाले. "मुंबई रोज येगळी येती, मने. कवा थोडी वरून, कवा बाजूनं. लांबून येणाऱ्याला वाटेत हवा भेटती, ऊन भेटतं, त्ये सारखं कसं येईल? जे रोज एकाच जागी उभं ऱ्हातं, ते आपल्याच छपराच्या पत्र्यावर आपटून आलेलं असतं. म्हणून तर तीन दिवस नट आवळायचा नाय."

मग मला इतका राग आला, की मी उठून कठड्यापाशी गेले. हा राग स्वतःवरचा. नऊ वर्षं भौतिकशास्त्र शिकत होते. वरचा थर कल वळवतो हे मला पाठ होतं, परीक्षेत त्यावर पैकीच्या पैकी मिळवलेले होते. रोजच्या कलाचा एक बाण काढा, एक दिवस वर, एक दिवस डावीकडे, एक दिवस खाली, आणि सगळे एकापुढे एक जोडा. फिरून निघालो तिथेच येतो आपण. म्हणून फिका ठिपका दहा दिवसांत नाहीसा झाला. गळतीचे बाण सगळे एकाच दिशेचे, दहा जोडले की दहापट लांब. बेरजेने खरं मारलं होतं आणि खोटं पोसलं होतं. मला ते दिसत होतं तरी दिसलं नव्हतं, कारण सर उभ्याउभ्या बोलले होते आणि मी बसून लिहून घेतलं होतं.

दसरा ते दिवाळी, वीस दिवस. त्या वीस दिवसांइतकी मी कधी जिवंत नव्हते. दर दुपारी वरच्या थराने कल किती वळवला असेल त्याचे आकडे मिळवले. ते ओबडधोबड होते, पण होते. मग दर दिवसाचं चित्र तितकंच उलटं वळवलं, आणि आता दहा दिवस एकत्र केले. दुपारचे साडेतीन वाजले होते. बाहेर कोणीतरी कुंड्यांना पाणी घालत होतं. पडद्यावर फिका ठिपका उभा राहिला, स्वच्छ, एकटा. आणि सरांचा ठळक ठिपका विरून गेला. आकाशातला असता तर उलट वळवल्यावर जागेवर आला असता. तो आमच्याच पत्र्यावरून आलेला होता.

मी धावत सरांच्या खोलीत गेले आणि तिथे हात दाखवून अवलक्षण केलं. आकडे दाखवायचे सोडून आनंदाच्या भरात आधी अण्णांचीच गोष्ट सांगितली. सुतळी, खडूच्या रेघा, सगळं. सरांच्या कपाळावर आठी पडली.

"मनीषा, ठळक ठिपक्याचा लेख मी परवाच पाठवलाय. त्यावर तुझंही नाव आहे," ते म्हणाले. "आणि तुझ्या वडिलांच्या अँटेनावरून आपण शास्त्र ठरवत नाही."

खोलीत आणखी दोघं होते, ते हसले. वाईट हसले असंही नाही, आपण एखाद्या विनोदाला हसतो तसे. सर पुढे बरंच बोलले. आकडे ओबडधोबड आहेत, प्रबंधाला उशीर होईल, शिष्यवृत्तीची मुदत संपत आली आहे, आणि त्या फिक्या ठिपक्याचं पाच-सहा पानांचं प्रकरण प्रबंधात घातलंस तर परीक्षक तुलाच फाडून खातील. हे सगळं खरं होतं. मी "बरं सर" म्हटलं. प्रबंधाच्या खर्ड्यात आधीच लिहून ठेवलेली ती पानं काढली. कोणी हात धरून काढायला लावली नाहीत. मीच पुसली.

इथवरचं भांडण मी ऑक्टोबरात रोज करते. सरांना काय म्हणायला हवं होतं ते मला आता तोंडपाठ आहे. त्या दोघा हसणाऱ्यांना काय म्हणायला हवं होतं तेही. "अँटेनावरूनच ठरवतो आपण सर, तुमची ती तबकडी म्हणजे दुसरं काय आहे?" हे वाक्य मला दोन वर्षांनी, कॉलेज रोडवर भाजी घेताना सुचलं. पिशवी खाली ठेवून मी तिथेच थांबले होते. भाजीवालीला वाटलं, मला चक्कर आली.

पीएचडी झाली. नाशिकला कॉलेजात लागले. वर्गात खिडकीला दोरी बांधून ध्रुवीकरण, म्हणजे लाटांचा तोच कल, शिकवते, मुलं पहिल्या पाच मिनिटांत दोरीवरच्या उड्या आठवून हसतात, मग झोपतात. एका मुलीने एकदा विचारलं होतं की मॅडम, हे कुठे उपयोगी पडतं? मी तिच्यावर विनाकारण खेकसले. तिची माफी मागायची राहून गेली.

तीन वर्षांनी बाहेरच्या एका देशातल्या लोकांचा लेख आला. त्यांनी नवी दुर्बीण वापरून अशा फिक्या ठिकाणांची यादी केली होती. माझा ठिपका तिच्यात होता. त्याच जागी, त्याच कलाचा. आणि तळटीपेत लिहिलं होतं की आधीच्या एका लेखातला ठळक स्रोत यंत्राच्या गळतीमुळे दिसला असावा. आधीचा लेख म्हणजे आमचा. खालच्या नावांत मी. म्हणजे जे खरं पाहिलं त्यावर माझं नाव नाही आणि जे खोटं लिहिलं त्यावर आहे. काही दिवसांनी पुण्यात एका चर्चासत्राला गेले होते. सरांना कोणीतरी त्याबद्दल विचारलं. सर हसून म्हणाले की आम्हाला तेव्हाच शंका होती. आम्हाला! मी मागच्या रांगेत बसले होते, हातात समोसा होता, तो मी इतका घट्ट दाबला की सारण ओढणीवर सांडलं. मग ओढणी पुसायला बाहेर गेले.

हा राग मला चालतो. तो मी जपलेला आहे. मित्रमैत्रिणींना सांगते, तेही चिडतात, बरं वाटतं. पण त्या दिवाळीचं एक मी कोणाला सांगत नाही.

"बरं सर" म्हणून त्याच संध्याकाळी मी नाशिकची एसटी धरली होती. दुसऱ्या दिवशी अभ्यंगस्नान झालं, फराळाचं ताट पुढे आलं आणि अण्णांनी विचारलं, मग काय, निघालं का खरं? वीस दिवस ते याचीच वाट पाहत असणार, कारण त्यांनी चकलीही हातात घेतली नव्हती. मी दमले होते. सगळं सांगायचं तर सर सांगावे लागणार, ते दोघं हसले ते सांगावं लागणार, आणि अण्णांचं नाव काढल्यावर हसले हे तर सांगताच येणार नव्हतं. मी म्हटलं, "नाही अण्णा. तुमचं चुकलं. तो ठिपका खोटाच निघाला."

अण्णा म्हणाले, "असंल. तुमचं मोठं काम." आणि चकली मोडली.

पुढच्या दसऱ्याला मी आले तेव्हा पाटावर पाना नव्हता. पक्कड, होकायंत्र, तार, काहीच नव्हतं. हार ओवायची सुई तेवढी होती. आईने सांगितलं की दिवाळीनंतर एक दिवस भंगारवाला आला, त्याला त्यांनी पिशवीच देऊन टाकली. गच्चीवरचा खांबही काढला. त्यानंतर अण्णा चुलत भावांच्या मळ्यावर जाऊन हार ओवायला लागले. मी आईला म्हटलं, बरं झालं, वय झालं आता, उन्हात चढउतर नको. असं म्हटलं मी.

तो लेख आला तेव्हा ऑक्टोबरच होता. मी यादी छापून घेतली आणि मळ्यावर गेले. दसरा दोन दिवसांवर, फुलांचे ढीग लागलेले, अण्णा एका ढिगाशी पाय पसरून ओवत बसले होते. मी त्यांना कागद दाखवला, बोट ठेवून माझा ठिपका दाखवला, तळटीप मराठीत सांगितली. मग सर, ते दोघं, त्यांचं हसणं, सगळं सांगितलं. बोलताना माझा आवाज चढला होता. भाऊ ढीग सोडून बघायला लागले. अण्णांची सुई चालूच होती.

"म्हंजी मी चुकलो नव्हतो," ते म्हणाले.

"नव्हता अण्णा."

"अन् हे तुला कवा कळलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. हा लेख आला आणि कळलं, असं. शब्द तोंडाशी आले होते. पण हातात कागद होता आणि त्यावर तो ठिपका होता.

"त्याच दिवाळीला," मी म्हटलं. "तुम्हाला चुकलं म्हटलं, त्याच्या आधी."

अण्णांनी सुई फुलात खोचून ठेवली. त्यांना राग आलेला मी क्वचित पाहिलाय, आणि तेव्हाही आवाज चढला नाही.

"सरानं तुझं काढून घेतलं, त्येचा तुला राग हाय. बरोबरच हाय," ते म्हणाले. "पर माझं कोणी काढून घेतलं, मने?"

मग त्यांनी सुई उचलली. मी त्यांच्यासमोर बसून फुलं निवडून हाताशी देत राहिले, अंधार पडेपर्यंत. हाताला तो वास दोन दिवस होता.

यंदाही छाटणी सुरू झाली आहे. सकाळी चहा गाळताना मी सरांशी भांडले, आणि जिंकले. ते भांडण मला जमतं.